राखणीची बंदूक

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या सडकेवर पंचवीस-तीस किलोमीटरांवर अभनपूर लागते. १९०० साली या बाजूने लहान मापाची आगगाडी सुरू झाली. तिचा एक रस्ता धमतरीस जाई आणि अभनपुराहून फुटणारा दुसरा फाटा महानदीच्या काठी राजीमला. ती सानुली गाडी आता इतिहासजमा झाली असून, २०२५ च्या मार्चअखेरीस रायपूर ते अभनपूर रुंद मापाची गाडी धावू लागली आहे. उत्तरेकडून नव्या रायपूरच्या इमारती गावाच्या शिवारापर्यंत येऊन ठेपल्या आहेत. तथापि सडक सोडून चार पावले आत गेले, की छत्तीसगढचे जुने रूप अजूनही दृष्टीस पडते. बांधांनी आखलेल्या धानाच्या बांध्या, मध्येच एखादे तळे, तळ्याच्या पाळीवर पिंपळ आणि कडेला राखणदाराचा माळा.

दिवाळीच्या सुमारास धान पिवळे पडू लागले की राखणीचे दिवस सुरू होतात. दिवसा पोपटांचे थवे उतरतात, माकडांच्या टोळ्या येतात. रात्री बांधाच्या बिळांतून उंदीर निघतात. आणि जेथे नाल्याच्या आडोशाने जंगलाची वाट गावापर्यंत पोचते, तेथे रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवून जातो. डुक्कर खाते थोडे आणि तुडवते फार. चार महिन्यांची मेहनत आणि वर्षाचे अन्न चार घटकांत चिखलात जाते. अशा वेळी माळ्यावरच्या माणसाच्या हाती काय असते? गोफण, टिनाचा डबा, मशाल आणि आपला स्वतःचा आवाज. फार झाले तर एखाद्या घरी ठासणीची जुनी बंदूक, जिला त्या मुलखात ‘भरमार’ म्हणतात. पिकाचा शत्रू मारण्याचा अधिकार कोणाला, आणि तो कोणत्या हत्याराने, हा प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांत राज्यकर्त्याने रयतेवर किती विश्वास टाकला, याचे माप त्यात सापडते.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. पुढे १८१८ साली इंग्रजांच्या देखरेखीखाली राजधानी रतनपूरहून रायपुरास आली, आणि १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. भोसल्यांच्या काळी शस्त्राला परवाना लागतो ही कल्पनाच नव्हती. जमीनदाराच्या शिपायाजवळ तलवार असे, शिकाऱ्याजवळ तोड्याची बंदूक असे, गोंडाजवळ आणि कमाराजवळ धनुष्यबाण असे. साध्या कुणब्याची भिस्त मात्र गोफणीवर आणि काठीवरच होती. तोड्याची बंदूक ही काही मोठी सोयीची वस्तू नव्हे. पेटती वात सांभाळायची, शिंगातली दारू नळीत ओतायची, वर चिंधी आणि छर्रे टाकून गजाने ठासायचे, कानात बारीक दारू भरायची आणि मग चाप ओढायचा. पावसात वात विझे. वाऱ्यावर तिचा वास जनावराला लागे. एक बार चुकला तर दुसरा भरीपर्यंत डुक्कर नाला ओलांडून गेलेले असे. तरीही त्या आवाजाचा धाक होता, आणि राखणीच्या कामी मारण्याइतकेच महत्त्व धाकाला असते.

याच काळात ‘पिस्तूल’ हा शब्द मराठीत रुळला. तो पोर्तुगिजांकडून आलेला, ‘काडतूस’ हा शब्दही त्यांच्याचकडून. ‘तमंचा’ तुर्की वाटेने आला. हे आखूड नळीचे हत्यार घोडेस्वाराच्या खोगिराला किंवा सरदाराच्या कमरेला शोभे. ते माणसाने माणसासाठी केलेले हत्यार होते. हातभर अंतरावरच्या शत्रूसाठी ते उपयोगी. माळ्यावरून चाळीस पावलांवरच्या, अंधारात हलणाऱ्या जनावरासाठी नव्हे. म्हणून शेताच्या भाषेत ‘बंदूक’ आली, ‘पिस्तूल’ कधी आले नाही. शब्दांनी केलेला हा भेद पुढे कायद्यानेही केला.

१८५७ च्या उठावाने सगळेच बदलले. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी देण्यात आले. पुढच्या जानेवारीत रायपूरच्या पलटणीत हनुमानसिंहाच्या पुढाकाराने बंड झाले आणि सतरा शिपाई फासावर गेले. ज्या रयतेने शस्त्र उचलले तिच्या हाती शस्त्र राहू द्यायचे नाही, हा धडा राज्यकर्त्यांनी घेतला. १८६० साली शस्त्रांविषयी कायदा झाला आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत तो सर्व देशाला लागू होईल असा पक्का करण्यात आला. परवान्यावाचून हिंदी माणसाने बंदूक, तलवार, भाला बाळगू नये. गोऱ्या माणसाला मात्र हे बंधन नाही. राजनिष्ठेचा संशय हा एका वर्णाला चिकटवलेला होता. १८८७ साली मद्रासच्या अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो प्रामुख्याने या अपमानाच्या भावनेतून.

परंतु या कायद्याची झळ शेतात कशी लागते हे राष्ट्रीय सभेच्या जन्माआधीच एका मराठी लेखकाने सांगितले होते. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात शेती सुधारण्याच्या ज्या सूचना आहेत, त्यांत रानडुकरांचा विषय येतो. जोतीरावांचे म्हणणे रोखठोक आहे. शेताच्या बचावासाठी शेतकऱ्याजवळ गावठी तोड्याची का होईना, बंदूक राहू देण्याची हिंमत सरकारला नसेल, तर ते काम सरकारने आपल्या पोलिसांकडे सोपवावे. आणि त्यानंतरही पिकाचे नुकसान झाले, तर ते वरिष्ठ पोलीस अंमलदारांच्या पगारातून कापून शेतकऱ्याला भरून द्यावे. यातला उपरोध बोचरा आहेच, पण उपरोधाच्या आत शुद्ध न्याय आहे. ज्याने हत्यार काढून घेतले त्याने राखण पत्करली पाहिजे, आणि राखण चुकली तर भरपाई केली पाहिजे. नागरिकशास्त्राचे एवढे मूलभूत सूत्र डुकराच्या निमित्ताने मांडले गेले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जोतीराव हे लिहीत होते त्याच काळात, डुक्कर ही इंग्रज अधिकाऱ्यांच्या करमणुकीची बाब होती. घोड्यावर बसून भाल्याने डुक्कर मारणे हा त्यांचा मर्दानी खेळ. रॉबर्ट बेडन-पॉवेलने १८८९ साली या खेळावर ग्रंथच लिहिला. जेथे घोडा चालतो अशा मैदानी मुलखात डुकरावर गोळी झाडणे हे इंग्रजांच्या समाजात असभ्यपणाचे मानले जाई. म्हणजे ज्या जनावराने कुणब्याचे पीक लोळवले, त्याला कुणब्याने मारू नये म्हणून कायदा. आणि साहेबाने गोळीने मारू नये म्हणून शिष्टाचार. दोन्ही बाजूंनी डुकराचे फावले. शिवाय वाघ-बिबट्यांच्या डोक्यावर सरकारी बक्षिसे लावली गेली होती. डुकरांना आटोक्यात ठेवणारा निसर्गातला राखणदार असा मारला गेला, आणि शेतातल्या राखणदाराच्या हातून हत्यार काढून घेतले गेले.

कायदा करणाऱ्यांना या अडचणीची मुळीच जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पिकांच्या आणि गुरांच्या रक्षणासाठी परवान्याचा स्वतंत्र प्रकार नियमांत होता. १९१२ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा त्यातही एक महत्त्वाचा अपवाद ठेवण्यात आला. स्वसंरक्षणासाठी, दुसऱ्या माणसाच्या रक्षणासाठी किंवा मालमत्तेच्या खऱ्याखुऱ्या बचावासाठी जनावर मारले, तर तो गुन्हा नाही. उभे पीक ही मालमत्ताच होय. कागदावर हा शेतकऱ्याचा हक्क होता. पण हक्क आहे आणि हत्यार नाही अशी स्थिती असेल, तर तो हक्क भिंतीवरच्या चित्रातल्या भाकरीसारखा असतो. परवान्यासाठी अर्ज, अर्जावर पोलिसांचा शेरा, जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा. एवढ्या अवधीत धान कापून खळ्यात गेलेले असे.

रायपूर तेव्हा मध्यप्रांतात होते आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. त्या नागपुरात १९२७ साली मंचरशा आवारी यांनी शस्त्रकायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. अनुयायांसह तलवारी घेऊन त्यांनी भर रस्त्यातून मिरवणूक काढली आणि तुरुंगवास पत्करला. लोक त्यांना ‘जनरल आवारी’ म्हणू लागले. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला असावा, असे कलम आले. पुढे संविधान तयार झाले तेव्हा मूलभूत हक्कांच्या यादीत ते राहिले नाही. फाळणीचा रक्तपात ज्यांनी पाहिला होता त्यांनी शस्त्राकडे वेगळ्या नजरेने पाहावे, यात नवल नाही.

स्वतंत्र भारताने आपला शस्त्रकायदा १९५९ साली संमत केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. या कायद्याचे तेरावे कलम काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहे. त्यात हत्यारांची जणू वर्णव्यवस्था मांडलेली आहे. रक्षणासाठी किंवा शिकारीसाठी गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल, आणि तिची नळी वीस इंचांहून कमी नसेल, तर इतर अडचण नसल्यास परवाना द्यावा. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर तिचाही परवाना द्यावा. आणि ठासणीची अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा द्यावा. बाकी बहुतेक हत्यारांसाठी, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वरसाठीही, ‘सबळ कारण’ दाखवले पाहिजे. त्याच कायद्याने शेतीच्या वा घरच्या उपयोगाची लाठी आणि साधी हातातली काठी ही शस्त्रांच्या व्याख्येतून वगळली आहेत. सारांश, शेतकऱ्याला काठी निर्वेध, ठासणीची बंदूक परवान्याने, आणि पिस्तूल जवळजवळ नाहीच.

हा भेद केवळ संशयापोटी केलेला आहे काय? अमेरिकेत शेतावर जाणारा माणूस कमरेला लहान रिव्हॉल्वर लावून जातो आणि साप, ससा, खार, उंदीर त्याने टिपतो, ही तेथली जुनी रीत आहे. स्मिथ अँड वेसन या कारखान्याने १९३५ च्या सुमारास, मासेमारीला किंवा रानात जाणाऱ्याच्या सामानात सहज मावेल असे .२२ चे रिव्हॉल्वर खास त्या नावाने विकायला काढले. अमेरिकेतल्या विरळ वस्तीत, मैल मैल अंतरावर दुसरे घर नाही अशा रानात, ही रीत चालून गेली. तोच न्याय अभनपूरच्या शिवाराला लावता येत नाही. कारणे यंत्राची आहेत आणि वस्तीचीही.

पिस्तुलाची नळी आखूड. नेम धरायच्या दोन खुणांमधले अंतर वीतभर. हाताला थोडासा कंप सुटला, तरी वीस पावलांवर गोळी बाजूला जाते. निशाणीच्या फळीवर हे चालते, जिवंत जनावरावर चालत नाही. पिस्तुलाच्या गोळीचा जोरही बेताचा. चरबीने आणि राठ कातडीने मढलेले डुक्कर तिने मरत नाही, घायाळ होते. आणि घायाळ डुक्कर हे माळ्याखाली सापडणाऱ्या माणसाचा काळच. उलट सशासारख्या लहान जिवावर नेम लागत नाही आणि चुकलेली गोळी पुढे जाते. .२२ ची इवलीशी गोळी मोकळ्या हवेत दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. बारीक छर्रे मात्र दोन-तीनशे मीटरांच्या आत बळ हरवून जमिनीवर पडतात. जेथे एका शिवारातून दुसऱ्या गावचे दिवे दिसतात, जेथे पहाटेच बायामाणसे तळ्यावर निघतात, तेथे कोणते हत्यार कमी घातक, हे सांगायला तज्ज्ञ नको. म्हणून कायद्याने शेतकऱ्याला लांब नळीची, गुळगुळीत, छर्ऱ्यांची बंदूक दिली, यात अविश्वासाइतकाच विवेकही आहे. पिस्तूल खिशात लपते, बंदूक लपत नाही, हा राज्यकर्त्याचा विचारही त्यात आहेच.

परंतु यातून एक विसंगती उत्पन्न झाली. पिस्तुलाचा परवाना सबळ कारणाने मिळतो, आणि सबळ कारणे शहरात अधिक सापडतात. हळूहळू कमरेचे पिस्तूल ही प्रतिष्ठेची खूण बनली. ज्याला राखायचे आहे त्याच्या हाती ठासणीची बंदूक, तीही गंजलेली. आणि ज्याच्या शेतात डुक्कर येत नाही त्याच्या कमरेला परदेशी बनावटीचे हत्यार. हे चित्र कोणा एका गावचे नव्हे, साऱ्या देशाचे आहे.

राखणीच्या बंदुकीचाही गैरवापर झाला, हे मान्य केले पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत पीकरक्षणाच्या नावाखाली चितळ, काळवीट, ससे, तितर यांची सर्रास कत्तल होते, अशी वन्यजीवांच्या अभ्यासकांची तक्रार होती. शेत एकीकडे आणि बंदुकीचा आवाज जंगलात, असे घडे. जीपच्या प्रखर दिव्यात जनावरांचे डोळे दिपवून मारणारे मात्र बहुधा शेतकरी नव्हते. आणि याच छत्तीसगढात १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातले ते अखेरचे चित्ते मानले जातात. ते मारणारी बंदूक ठासणीची नव्हती. जंगल कोणी रिते केले याचा हिशेब मांडताना हे विसरता कामा नये.

अखेर १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात प्रथम शिकारीचे परवाने होते आणि त्यांत ‘लहान शिकारी’चा एक वेगळा परवानाही होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो सारा भाग गेला. ससा असो की तितर, हौसेची शिकार संपली, आणि ते योग्यच झाले. पण त्याच कायद्याने एक जुना शब्द गाळला, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९१२ च्या कायद्यात मालमत्तेच्या बचावासाठी जनावर मारणे हा गुन्हा नव्हता. १९७२ च्या कायद्यात स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या जिवाच्या बचावासाठी मारणे एवढेच क्षम्य राहिले. उभ्या पिकाचा उल्लेख आहे, पण तो अधिकाऱ्याच्या आज्ञेच्या कलमात. जनावर उपद्रवी आहे अशी वन्यजीव खात्याची खात्री झाली, तर त्याने लेखी आज्ञा द्यावी. म्हणजे जो हक्क होता, त्याची परवानगी झाली.

त्यानंतर राज्ये आणि केंद्र या परवानगीचे दार कधी थोडे उघडतात, कधी लोटून घेतात. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत वनक्षेत्रपालांना परवानगीचे अधिकार दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस बिहारात हे दोन्ही प्राणी ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी ठरवले गेले. पूर्वी कायद्याच्या शेवटी उंदीर, कावळा, वटवाघूळ यांची उपद्रवी म्हणून कायमची यादी होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द केली. आता केंद्र सरकार ठरावीक क्षेत्रासाठी आणि मुदतीसाठी अधिसूचना काढू शकते. प्रत्येक पावलामागे विचार आहे. परंतु माळ्यावरच्या माणसाला अधिसूचना वाचता येत नाही, आणि डुकराला तिची मुदत ठाऊक नसते.

या पोकळीत जे घडते ते भयंकर आहे. बंदूक नाही, परवानगी वेळेवर नाही, भरपाई तुटपुंजी. मग कोणीतरी वरून जाणाऱ्या विजेच्या तारेवर आकडा टाकून शेताभोवती उघडी तार ओढतो, किंवा कणकेच्या गोळ्यात स्फोटक भरून वाटेवर ठेवतो. तार डुक्कर आणि माणूस यांत भेद करीत नाही. छत्तीसगढच्या उत्तर भागात अशा तारांनी हत्ती मेले आहेत, शेजारचा शेतकरी मेला आहे, तार ओढणारा स्वतः मेला आहे. ठासणीच्या बंदुकीमागे निदान एक डोळा होता, एक बोट होते. चाप ओढायच्या आधी क्षणभर थांबणारा माणूस होता. तारेमागे कोणीच नसते. शेतकऱ्याच्या हातून बंदूक गेल्याने रान निर्धोक झाले, असा निष्कर्ष म्हणूनच कोणी काढू नये.

यावर उपाय पिस्तूल हा नव्हे, आणि पुन्हा गावोगाव बंदुका वाटणे हाही नव्हे. गावांनी मिळून केलेले कुंपण, सौर विजेची झटका देणारी पण जीव न घेणारी तार, राखणीच्या पाळ्या, गरज पडल्यास वनखात्याच्या देखरेखीखाली कुशल नेमबाजांनी केलेले मर्यादित निर्दालन, हे मार्ग ठाऊक आहेत. या सर्वांच्या मुळाशी मात्र जोतीरावांचेच सूत्र हवे. राज्याने हत्यार आपल्याकडे घेतले असेल, तर राखणही आपल्याकडे घ्यावी. आणि राखण चुकली तर भरपाई वेळेवर व पुरती द्यावी. १८८३ पासून हा हिशेब उघडा पडलेला आहे.

छत्तीसगढात कापणी झाली की शेतकरी धानाच्या लोंब्यांची सुबक झालर विणतो आणि ती घराच्या दारावर टांगतो. ती पाखरांसाठी असते. महिनाभर ज्यांना गोफणीने हाकलले, त्यांना तो पीक घरात येताच दारी बोलावून त्यांचा वाटा देतो. रानाचा वाटा रानाला देण्याची त्याची तयारी असते. त्याचे मागणे एवढेच, की तो वाटा साऱ्यांनी मिळून द्यावा. तो एकट्याच्याच बांधीतून जाऊ नये.